कुलूप काढा

निवेदने देऊन झाली. हा इशारा आहे.

ज्यांच्या टेबलावर ती निवेदने पडून आहेत, त्यांना तो आहे. कार्यालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. ज्याचे आहे, त्याला कळेल.

आम्ही वसई-विरारचे पालक. निवृत्त शिक्षक. बचत गटांच्या बाया, नाक्यावरची मंडळे, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरची माणसे. देवळाच्या ओसरीवर, चर्चच्या हॉलमध्ये, मदरशाच्या अंगणात बसून आम्ही एक आराखडा केला. आमच्यात सगळ्या पक्षांचे मतदार आहेत. या विषयापुरते आम्ही एक आहोत.

विषय चार तासांचा आहे. शाळा सुटल्यापासून आईबाप घरी येईपर्यंतचे चार तास.

त्या चार तासांत या शहरातले मूल कुठे असते, हे तुम्ही कधी विचारले नाही. आम्ही दारोदार फिरून विचारले.

नालासोपारा पूर्वेला, संतोष भुवनच्या एका चाळीत, आम्ही दार वाजवले. दार उघडले नाही. खिडकीचा पडदा सरकला. नऊ वर्षांची मुलगी. मागे तिचा धाकटा भाऊ.

आई नाही, म्हणाली. आठला येईल.

दार उघडायचे नाही, असे आईने बजावलेले. ती खिडकीतूनच बोलली. शाळेतून आली की कुलूप काढते. आत येऊन कडी लावते. सकाळचा वरणभात थंडच खाते, गॅसला हात लावायचा नाही म्हणून. मग भावाला घेऊन फोन बघत बसते. लाइट गेली तर? तर बसून राहते.

किल्ली कुठे ठेवतेस, असे आमच्यातल्या एकीने विचारले. तिने गळ्यातला काळा दोरा वर ओढला. किल्ली फ्रॉकच्या आत होती. बाहेर दिसली तर कुणीतरी बघेल, म्हणून.

तिची आई वालीवला गाळ्यात पॅकिंग करते. बाप अंधेरीला जातो. त्या चाळीत अशा गळ्यातल्या किल्ल्या आम्ही मोजायला लागलो आणि थोड्या वेळाने मोजणे थांबवले. जवळजवळ प्रत्येक खोलीत एक होती.

त्या आईला दोष देऊ नका. आम्ही देऊ देणार नाही.

चर्चगेट ते विरार 60 किलोमीटर. त्यात स्टेशनची रिक्षा मिळवा, पुलावरची गर्दी मिळवा, चढताच आली नाही म्हणून सोडलेली गाडी मिळवा. सकाळी सहाला घर सोडलेला माणूस रात्री आठ-नऊला परत येतो. मुंबई चालते ती या माणसांवर. त्यांची मुले सांभाळण्याची वेळ आली की मात्र ती त्यांची खासगी बाब ठरते.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने सांगितले, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. हेतू चांगला आहे, आमची तक्रार नाही. पण सातची लोकल नऊपर्यंत थांबत नाही. ज्या घरात आजी नाही, त्या घरातले मूल आता सकाळीही एकटे असते. शाळेला जायच्या आधी एकटे, शाळेतून आल्यावर एकटे.

हे लहानांचे झाले. बारा-तेराच्या पुढचे मूल घरात बसत नाही. ते खाली उतरते. पानटपरीच्या मागे, बंद पडलेल्या बांधकामाच्या जिन्यात, रुळांच्या कडेला. एमडी या अमली पदार्थावरच्या कारवायांच्या बातम्या आमच्याच शहरातून येतात, आणि त्या तुम्हीही वाचता. पुडी विकणाऱ्याला आमच्या मुलांचे वेळापत्रक पाठ आहे. चार ते आठ. ते तुम्हाला पाठ नाही, ही आमची तक्रार आहे.

आणि त्याच गल्लीच्या टोकाला शाळा आहे. सरकारी शाळा. चार भिंती, छप्पर, फळा, नळ, पुढे थोडे पटांगण. शाळा सुटली की तिच्या फाटकाला कुलूप लागते. सकाळपर्यंत ती रिकामी असते.

आमची मागणी या कुलपापाशी सुरू होते.

आम्हाला नवी इमारत नको. भूमिपूजन नको, कोनशिला नको. आहे त्या शाळेचे कुलूप संध्याकाळी चार तास काढा. बाकीचे बरेचसे आम्ही करतो, हे आराखड्यात लिहिले आहे. पहिल्या वर्षी पाच ठिकाणे: संतोष भुवन, धानिवबाग, कारगिल नगर, गोखिवरे, पापडी. एका ठिकाणी दोन ताई, एक दादा, त्यांना दरमहा मानधन, त्यांची पोलीस पडताळणी. एक तास अभ्यास. मग खो-खो, कबड्डी, चित्रे, गोष्टीची पुस्तके. खाऊला चणे आणि वसईचे केळे. मराठी, हिंदी, गुजराती, वाडवळी, कादोडी, वारली, भोजपुरी; मूल ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत त्याच्याशी बोलायचे.

आराखड्याचा पहिला मुद्दा कोणता होता, हे तुम्ही वाचले असते तर तुम्हाला आठवले असते. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी. आम्ही शिक्षक मंडळी अभ्यासक्रम लिहायला बसलो होतो. बायांनी थांबवले. आधी कडी लिहा, म्हणाल्या. कडी नसेल तर आमच्या पोरी येणार नाहीत. आम्ही ती पहिल्या ओळीत लिहिली.

एक कडी. तिलाही उत्तर आले नाही.

आता आम्ही दाखवलेल्या धीराबद्दल.

पहिले निवेदन दिले. पोचपावती मिळाली. तिच्यावर गोल शिक्का आहे, सही आहे. उत्तर नाही.

दुसऱ्यांदा गेलो. साहेब बैठकीत होते. आम्ही बाकावर बसलो. आमच्यातल्या अनेकांनी त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली होती. बैठक संपली, साहेब साइटवर गेले.

तिसऱ्यांदा सांगण्यात आले की शाळा आमच्या अखत्यारीत नाहीत. ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांच्याकडे गेलो. शहर आमच्या अखत्यारीत नाही, असे तिथे ऐकले.

दोन्ही उत्तरे कागदोपत्री खरी आहेत. म्हणूनच ती गंभीर आहेत. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा मात्र वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. हस्तांतराची चर्चा होत राहिली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात प्राथमिक शाळा हे ऐच्छिक काम नाही, बंधनकारक कर्तव्यांत त्याची नोंद आहे. 2009 साली जन्मलेले मूल या काळात पहिलीत गेले, दहावी झाले आणि शाळेतून बाहेर पडले. शाळा कुणाची, हे ठरवायला त्याचे बालपण पुरले नाही.

शाळा कुणाचीही असो. कुलूप एकच आहे. दोन्ही बाजूंनी एकत्र बसा आणि ते काढा. तुमच्या फायलीतला वाद आमच्या मुलांनी भोगायचा नाही.

मग सांगितले गेले, लोकप्रतिनिधी नाहीत, थांबा. आम्ही थांबलो. जून 2020 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेवर प्रशासक होता. एवढ्या मोठ्या शहरात, ज्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर होती, गाऱ्हाणे घेऊन जायला एकही नगरसेवक नव्हता. मग आचारसंहिता आली. तिच्यासाठीही थांबलो. जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले. आता थांबायचे कारण उरलेले नाही.

पैसा नाही, असे कुणी म्हणू नये. महिला व बालकल्याणासाठी अर्थसंकल्पात 5 टक्के तरतूद ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. तो पैसा कशावर खर्च होतो, याचा वर्षनिहाय हिशोब आम्हाला हवा आहे. पाच शाळांतल्या पंधरा माणसांचे मानधन, वीज, पाणी आणि खाऊ, यांसाठी नवी तिजोरी उघडावी लागत नाही.

कायदा आड येतो, असेही म्हणू नये. 2009 चा शिक्षण हक्क कायदा प्रत्येक शाळेला मैदान आणि ग्रंथालय असावे असे सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तर आमच्याच मागणीपाशी येऊन थांबते. शिकवण्याच्या वेळेबाहेर शाळेची रिकामी वास्तू सामाजिक चेतना केंद्र म्हणून समाजाच्या कामी आणता येईल, असे त्यात लिहिले आहे. भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेत विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे. कागद तुमच्या बाजूने पुरेसे आहेत. सहीच तेवढी उरली आहे.

हे काम होते का? होते. पुण्यात सारसबागेशेजारी गरवारे बालभवन उभे आहे. शोभा भागवतांनी आयुष्य त्यात घातले. शाळेबाहेरच्या वेळेत मुलांना खेळायला, गायला, माती कालवायला हक्काची जागा मिळते तेव्हा काय होते, हे पुण्याच्या पिढ्यांनी पाहिले आहे.

आइसलँडकडे पाहा. सगळा देश मिळून लोकसंख्येने आमच्या शहराहून कितीतरी लहान. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. 2016 मध्ये तो आकडा 5 टक्क्यांवर आला. शहरांनी शाळेनंतरच्या तासांची जबाबदारी घेतली. राजधानी रेक्याविक प्रत्येक मुलामागे खेळ, संगीत, कला यांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम देते. मैदानावर पगारी प्रशिक्षक असतात. पालक, शाळा आणि नगरपालिका एका टेबलाशी बसतात. त्या टेबलाशी आम्ही आमच्या बाजूने बसलो आहोत. समोरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

पण इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात या. 1945 मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी काम उभे केले. आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. लहान भावंडे सांभाळायची होती, गुरे वळायची होती. ताराबाईंनी मुलांना बोल लावला नाही. शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे चरतात त्या कुरणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी फलकांवर आहे, ती अंगणवाडी तिथली आहे. 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

मुलाची अडचण काय, हे त्यांनी आधी पाहिले आणि वेळ, जागा, पद्धत तिच्याप्रमाणे बदलली. आमच्या मुलांची अडचण लोकलच्या वेळापत्रकात आहे. शाळेच्या फाटकाची वेळ त्याप्रमाणे बदला. एवढेच मागतो आहोत, आणि तेही पालघर जिल्ह्यात मागतो आहोत.

मैदानांबद्दल वेगळे बोलावे लागेल.

विरारच्या एका मुलाने 2013 मध्ये शालेय क्रिकेटमधल्या हॅरिस शील्डच्या सामन्यात 546 धावा केल्या. पृथ्वी शॉ. तो कसा घडला, हे सगळ्यांना माहीत आहे. वडील त्याला घेऊन विरारहून वांद्र्याला जात. पहाटेची लोकल, खांद्यावर किट. ज्या मुलाचा बाप ते करू शकला नाही, त्या मुलाचे नाव कुणालाच माहीत नाही. ते मूल आमच्या गल्लीत आहे. पावसाळ्यात त्याच्या खेळायच्या जागेत गुडघाभर पाणी असते. उन्हाळ्यात तिथे गाड्या लागतात.

वसई-विरारचा विकास आराखडा 2007 मध्ये मंजूर झाला. 2001 ते 2021 या वर्षांसाठी तो होता. ती मुदत संपली. त्यात मैदानांसाठी, उद्यानांसाठी, शाळांसाठी राखलेल्या भूखंडांवर आज काय उभे आहे, हे आम्हाला भूखंडागणिक हवे आहे.

हे मागण्याचे कारण या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहताना कुणी थांबवल्या नाहीत. 2025 च्या सुरुवातीला, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर असताना त्यांतल्या बहुतेक पाडल्या गेल्या. आदेश न्यायालयाचा होता, तो पाळायलाच हवा होता. पण सामानाच्या ढिगावर दप्तर घेऊन बसलेल्या मुलांचा त्यात काय गुन्हा होता, याचे उत्तर कुणी दिले नाही. राखीव जमीन एकदा गेली की तिची किंमत शेवटी मूल मोजते. म्हणून नकाशा दाखवा.

विरारला बुलेट ट्रेनचे स्थानक होते आहे. होऊ द्या. त्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत संध्याकाळी सहा वाजता एक दिवा लागलेली खोली असावी, जिथे पुस्तक असेल आणि एक मोठे माणूस असेल, ही मागणी त्याहून मोठी नाही.

आता मुदत.

माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायला कायद्याने 30 दिवस दिले आहेत. आम्हीही तेवढेच देतो. आजपासून 30 दिवस.

या मुदतीत पाचही ठिकाणच्या शाळांची संध्याकाळची वेळ लेखी ठरली पाहिजे. तोंडी आश्वासन घेतले जाणार नाही. कोणता अधिकारी जबाबदार, त्याचे पद त्या कागदावर असले पाहिजे. मानधनाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून, हे लिहिलेले असले पाहिजे. राखीव भूखंडांची यादी आणि नकाशा खुला झाला पाहिजे. आणि कडी. ती तीस दिवस वाट पाहायची गोष्ट नाही. ती या आठवड्यात बसवा.

चर्चेला बोलावलेत तर येऊ. फोटोसाठी येणार नाही.

मुदत टळली तर काय होईल, तेही आत्ताच सांगतो. नंतर कुणी म्हणू नये की कल्पना नव्हती.

एकतिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही तुमच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसू. आठ वाजता उठू. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला येऊ. पाळ्या लागल्या आहेत. रात्रपाळीचे इतर दिवशी बसतील, रविवारी सुट्टीवाले बसतील. घोषणा होणार नाहीत. रस्ता अडवला जाणार नाही, लोकल अडवली जाणार नाही. तिच्यात आमचीच माणसे आहेत. आम्ही फक्त तिथे असू, त्याच चार तासांत, रोज.

मुले तिथे दिसणार नाहीत. मुलांना पुढे करून लढणे आमच्या रीतीत बसत नाही. मुले त्या वेळी आमच्यातल्या कुणाच्या तरी घरी, ओसरीवर, हॉलमध्ये अभ्यास करत असतील. जागा अपुरी असेल, पण दार उघडे असेल.

त्याच दिवशी प्रत्येक राखीव भूखंडासाठी वेगळा माहितीचा अर्ज पडेल. उत्तर नाही आले तर अपील. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार जाईल. उच्च न्यायालयात जनहित याचिका जाईल, आणि तुमच्या शिक्क्याच्या पोचपावत्या तिला जोडलेल्या असतील. म्हणूनच त्या आम्ही जपून ठेवल्या.

हे होणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी या भूमीचा मागचा काळ आठवावा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिल्डरांची नजर इथल्या वाड्यांवर आणि विहिरींवर पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे हरित वसईसाठी लोक रस्त्यावर आले. धमक्या आल्या, लोक हटले नाहीत. महापालिका झाली तेव्हा गावे वगळण्यासाठी लढा उभा राहिला. 29 गावांचा तो प्रश्न दशकभराहून अधिक काळ चालला. मुंबई महानगर प्रदेशाचा 2016 ते 2036 चा प्रारूप आराखडा आला, तेव्हा एकट्या वसईतून हजारो लेखी हरकती गेल्या.

त्या हरकती लिहिणारे हात अजून आहेत. त्यांच्या शेजारी आता नालासोपाऱ्याच्या चाळीतले हात आले आहेत. गावचे आणि चाळीचे यापूर्वी एका कागदावर कधी आले नव्हते. तुमच्या मौनाने ते आणले.

वाचणाऱ्या पालकांना एक सांगणे. तुमच्या गल्लीतल्या गळ्यातल्या किल्ल्या मोजा. नावे लिहू नका, फक्त आकडा लिहा, आणि आमच्यापर्यंत पोचवा. याचिकेत तो लागेल.

संतोष भुवनच्या त्या मुलीला आम्ही निघताना विचारले, शाळा संध्याकाळी उघडी राहिली तर येशील का? तिने आधी भावाकडे पाहिले. याला आणू का, असे विचारले.

आण, असे आम्ही सांगून आलो आहोत. तीस दिवस आजपासून मोजले जात आहेत.